न्यायासनापुढे दोन भाऊ

दूरचित्रवाणीवरील कोर्टकचेरीच्या मालिकांनी घरे फोडली, असा आक्षेप अलीकडे देवळांच्या सभामंडपांतून, सप्ताहाच्या मांडवांतून आणि ज्ञातिबांधवांच्या मेळाव्यांतून वारंवार कानी येतो. भावाने भावावर फिर्याद करावी, बहिणीने वाटणी मागावी, वकिलांनी सख्ख्या नात्यांची लक्तरे भर न्यायालयात टांगावीत, हे रोज रात्री पाहून पुढची पिढी बिघडणार नाही तर काय होईल, असे विचारले जाते. पाठोपाठ उपायही सुचविला जातो, की पडद्यावर राम-भरताचे बंधुप्रेम तेवढे दाखवावे, दुसरे काही दाखवू नये. असे बोलणारी मंडळी सद्‌हेतूने बोलतात याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सद्‌हेतू आणि सद्विचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमचे मत असे की, हा आक्षेप चुकीचा, त्यावरचा उपाय त्याहून चुकीचा, आणि दोहोंच्या मुळाशी असलेली आपल्याच ग्रंथांविषयीची समजूत तर अगदीच अपुरी आहे.

आमच्या मालिका निर्दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा दोष मात्र निराळा आहे. त्या भांडण दाखवितात हा दोष नसून, खोटे भांडण दाखवितात हा आहे. एक भाऊ जन्मतः साधू, दुसरा जन्मतः लोभी. लोभ्याची बायको पडद्याआड कान देऊन उभी. आणि न्यायालय म्हणजे मोठ्याने ओरडण्याची जागा. साक्षीदार पिंजऱ्यात रडतो, गुन्हा कबूल करतो आणि त्याच भागात निकाल लागतो. खरा वाटणीचा दावा असा नसतो. आधी कोणाचा हिस्सा किती हे ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा, मग जमिनीची मोजणी, मग अंतिम हुकूमनामा, त्यावर अपील. या वाटेवर वर्षे जातात, आणि त्या वर्षांत उभय पक्षांतील प्रत्येकाला आपण साधू आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. ज्या मालिकेत हे दिसत नाही, ती पाहून उठणारा प्रत्येक भाऊ स्वतःला पांढऱ्या कपड्यांतल्या भावाच्या जागी ठेवतो. घरे फुटतात ती येथून.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेत २०१५ ते २०२२ या काळात ‘बेटर कॉल सॉल’ नावाची मालिका झाली. तीत चक आणि जिमी मॅगिल हे दोघे सख्खे भाऊ, दोघेही वकील. थोरला चक कायद्याचा प्रकांड पंडित, प्रतिष्ठित पेढीचा भागीदार. धाकटा जिमी चलाख, गोडबोल्या, पूर्वायुष्यात लहानसहान फसवणुकी करीत फिरलेला. चक एका विचित्र मनोव्याधीने घरात कोंडला जातो; विजेच्या उपकरणांनी आपल्या देहास पीडा होते अशी त्याची दृढ समजूत आहे. त्याला रोजचे अन्न, वर्तमानपत्र आणि बर्फ आणून देतो तो जिमी. आणि जिमीला आपल्या पेढीत प्रवेश मिळू नये म्हणून दुसऱ्याला पुढे करून गुपचूप आडकाठी घालतो तो चक. पुढे जिमी भावाच्या कागदपत्रांतील पत्त्याचे आकडे बदलून त्याची अब्रू घालवितो. चक त्याच्याकडून कबुली काढून ती चोरून ध्वनिमुद्रित करतो. अखेर वकिलांच्या शिस्तमंडळापुढे धाकटा भाऊ थोरल्याची व्याधी चारचौघांत उघडी पाडतो, तेव्हा प्रेक्षकाला कोणाच्या बाजूने आनंद मानावा हेच कळेनासे होते. चकचे जिमीविषयीचे निदान बरोबर आहे, कारण जिमी खरोखर कायदा वाकवितो. तथापि ते निदान ज्या मत्सरातून आले तो मत्सरही तितकाच खरा आहे. त्यांची आई मरणसमयी क्षणभर शुद्धीवर येते आणि उशाशी बसलेल्या थोरल्याला सोडून तेथे नसलेल्या धाकट्याचे नाव घेते. चक ते शब्द भावाला कधीच सांगत नाही. आमच्या वाचकांपैकी किती जणांच्या घरी अशी एखादी न सांगितलेली गोष्ट असेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

ही परदेशी विकृती आपल्या संस्कृतीस परकी आहे, असे उत्तर येथे मिळेल. त्या उत्तरास आमचा प्रश्न असा की, आपली संस्कृती म्हणजे नेमके काय? महाभारताची सभा आपण विसरलो काय? द्यूतसभेत द्रौपदीने मांडलेला प्रश्न शुद्ध कायद्याचा होता. जो स्वतःला आधीच हरला, त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यानेही धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय टाळला. आणि सर्व वृद्ध खाली माना घालून बसले असता बोलला तो कोण? धृतराष्ट्राचा पुत्र विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच सख्खा भाऊ. बंधुप्रेम म्हणजे मौन, अशी व्याख्या करणाऱ्यांनी विकर्णाला कोठे बसवावे ते एकदा सांगावे. पुढे तोच विकर्ण रणांगणात भावाच्या बाजूने लढून मेला, हेही महाभारत लपवीत नाही.

रामायणही तेवढेच निर्भीड आहे. वाली आणि सुग्रीव यांचा कलह एका संशयावर उभा आहे. गुहेच्या तोंडाशी शिळा लावून परतलेला सुग्रीव कपटी होता की भ्याला होता, याचा पुरावा वालीपाशी नव्हता, आणि आपण निर्दोष असल्याचा पुरावा सुग्रीवापाशी नव्हता. बाणाने विद्ध होऊन पडलेला वाली प्रत्यक्ष रामाची उलटतपासणी घेतो, आणि वाल्मीकी त्याला ती घेऊ देतात. लंकेतील दोन भावांचे पाहा. बिभीषण अधर्मी भावाला सोडून गेला. कुंभकर्णाने त्याच भावाची कानउघाडणी केली आणि मग त्याच्यासाठी लढून प्राण दिला. यांपैकी कोणता भाऊ खरा, यावर आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ओसरीवर बसून वाद घातले आहेत. आणि ज्या राम-भरतांचा दाखला सतत दिला जातो, त्यांची चित्रकूटावरील भेट तरी काय आहे? राज्य कोणाचे, या प्रश्नावर सभेसमक्ष झालेला तो वादच आहे. फरक इतकाच की, तेथे प्रत्येक भाऊ स्वतःच्या लाभाविरुद्ध युक्तिवाद करतो. हा फरक ज्याला कळावा असे वाटते, त्याने वाद दाखविण्यास भिऊ नये.

मराठी रंगभूमीने हे भय फार पूर्वी टाकले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ चे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि संशयाची सुई सख्खे चुलते राघोबादादा यांच्याकडे वळली. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची कथा परंपरेने जपली. १९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. त्यात ती भूमिका गजानन जागीरदारांनी केली. पुढे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने १९६७ मध्ये दाखविले की, न्यायालयाचा खेळसुद्धा एका बाईची शिकार करण्यास पुरेसा होतो. त्यांच्याच ‘गिधाडे’वर, तो १९७० मध्ये रंगमंचावर आला तेव्हा, गदारोळ झाला, कारण मालमत्तेसाठी भावंडे एकमेकांचे लचके कसे तोडतात हे त्यात उघडपणे मांडले होते. १९८५ च्या ‘वाडा चिरेबंदी’त महेश एलकुंचवारांनी बापाच्या तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत पडणारी फट दाखविली, आणि त्यांच्यापैकी एकालाही खलनायक केले नाही. ज्या भाषेत हे सारे लिहिले गेले, तिच्या मालिकांनी आजही काळ्या-पांढऱ्या बाहुल्या नाचवाव्यात आणि सभामंडपांनी त्या बाहुल्या आणखी पांढऱ्या करण्याची मागणी करावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

आता या मागणीतील खरी मेख सांगतो. ‘पडद्यावर बंधुप्रेमच दाखवा’ या आग्रहाने लाभ कोणाचा होतो? ज्याच्या नावे पट्टा आणि पासबुक आधीच झाले आहे त्याचा. भांडण मागणाराच करतो. ज्याच्याकडे सर्व काही आहे तो सदैव शांत आणि प्रेमळच दिसतो. आमच्या भैंशाकडील मराठी घरांत या मागणाऱ्यांत बहुधा बहीण असते, आणि तिच्या बाबतीत तर सरहद्दीनेही आपला खेळ केला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली आणि आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. आज भैंसा तेलंगणातील निर्मळ जिल्ह्यात आहे. भाषा, सोयरिकी, कुलदैवते आणि बासरच्या सरस्वतीची वारी यांना या रेषेने बाध आला नाही. वारसाहक्काला मात्र आला. आंध्र प्रदेशाने अविवाहित मुलीला ५ सप्टेंबर १९८५ पासून एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध सहदायाद मानले. महाराष्ट्राने तेच पाऊल २२ जून १९९४ रोजी उचलले. म्हणजे भैंशाच्या घरातील कन्येला जो हक्क मिळाला, त्यासाठी भोकरच्या घरातील तिच्या मामेबहिणीला आणखी जवळजवळ नऊ वर्षे थांबावे लागले. ९ सप्टेंबर २००५ पासून हा हक्क मुलगी विवाहित असो वा अविवाहित, देशभर लागू झाला. आणि एका बहिणीने भावांविरुद्ध चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की, तो हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट त्यास नाही.

कायदा इतका स्पष्ट असता व्यवहार काय चालतो? दिवाळीत माहेरवाशीण येते. भाऊबीजेचे ताट होते, साडी होते, आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही होते. तिने सही केली तर ती लक्ष्मी; ‘विचार करून सांगते’ एवढे म्हटले तर ती मालिकेतली कैदाशीण. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडणे यात आम्हांस काही गैर दिसत नाही. असे सोडणाऱ्या भगिनींचे औदार्य थोर आहे. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या ‘होय’ला औदार्य म्हणत नाहीत. ती मुभा तिच्याकडून काढून घेण्याचे काम कोण करतो? कायदा करीत नाही. ‘भांडणारी ती वाईट’ असे रोज रात्री पढविणारी मालिका करते, आणि सकाळी त्याच पाठाला धर्माचा शिक्का मारणारे आपण करतो.

शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनी शास्त्र तरी नीट वाचावे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर याच दख्खनमध्ये, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने झाले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्यांच्या टीकेत, पित्याच्या पश्चात वाटणी करताना अविवाहित बहिणीला अंश द्यावा असे सांगितले आहे, आणि तो केवळ लग्नाचा खर्च नसून खरोखरचा अंश होय असाच त्यांचा आग्रह आहे. त्यांचे पूर्ण मत आजच्या कायद्याइतके पुढे गेले नाही हे खरे; पण बहिणीने हिस्स्याचा शब्द काढणे हाच अधर्म, असेही ते कोठे म्हणत नाहीत.

मुलींना वाटा दिला तर घरे आणि देवळे कशी टिकतील, अशीही भीती घातली जाते. तिचे उत्तर आमच्या कोकणी वाचकांनीच द्यावे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलगा आणि मुलगी आईबापांचे सारखे वारस आहेत. आईबापांना आपल्या मर्जीने अर्ध्या मालमत्तेचीच व्यवस्था लावता येते; उरलेली अर्धी मुलांच्या हक्काची. तेथील वाटणीच्या कामात तर भावंडे न्यायालयासमोर एकमेकांविरुद्ध बोलीसुद्धा लावतात. म्हणून गोमंतकातील पालख्या निघेनाशा झाल्या काय? जत्रा बंद पडल्या काय? भांडणे तेथेही होतात, फार कडवी होतात. पण हक्क आहे की नाही यावर ती होत नाहीत, आणि हा फरक लहान नाही.

सबब आमची मागणी त्या उपदेशकांच्या मागणीच्या अगदी उलट आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी भाऊबंदकी अवश्य दाखवावी. पण थोरल्याने शेत राखताना गाळलेला घाम दाखवावा, धाकट्याने शहरात खाल्लेली उपेक्षा दाखवावी, आणि बहिणीचा आवंढाही दाखवावा. न्यायाधीशाला घाई करू देऊ नये. प्रेक्षक ज्याला शिव्या देत बसला, त्याच्या तोंडी निदान एक असा युक्तिवाद घालावा की ज्याने प्रेक्षक निरुत्तर होईल. कीर्तनकारांनी पूर्वरंगात भरत सांगितला तर उत्तररंगात विकर्णही सांगावा. आणि देवस्थानांच्या विश्वस्तपदावरून सख्ख्या भावांशी वर्षानुवर्षे दावे लढणाऱ्या थोर मंडळींनी इतरांच्या घरांतील कलहावर व्याख्यान देण्यापूर्वी आपल्या वकिलाकडील बस्ता एकदा उघडून पाहावा.

देवळात आपण जो न्याय मागतो तो एका बाजूचा नसतो, अशी आपली श्रद्धा आहे. देवापुढे उभे राहताना भाऊ आणि बहीण दोघेही हात जोडतात, आणि देव दोघांचेही ऐकतो असे आपणच मुलांना शिकवितो. पडद्यावरील न्यायासनाने दोघांचे ऐकून घेतले, तर त्यात धर्म बुडण्यासारखे काय आहे? ज्यांना तसे वाटते, त्यांनी या दिवाळीत हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे ठेवण्याआधी तिला एवढेच विचारावे, की बाई, तुझे म्हणणे काय आहे? आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.