दिलेले आणि घडलेले

परवा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक आकडा लिहिला : ८२. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ८२. आम्ही सर्वांनी तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला. लिहिता लिहिता माझ्या मनात आले, या ८२ मध्ये माझी आईही आहे. आणि पेन जरा थबकले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई दुसरीपर्यंत शाळेत गेली. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिचे नाव शाळेतून काढले. तिला सही येते, पण ती अक्षरे लिहीत नाही, चित्र काढावे तशी सही काढते. एस्.टी.ची पाटी तिला वाचता येत नाही. बँकेचे पासबुक ती माझ्यापुढे धरते. जनगणनेचे प्रगणक घरी आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. पण ती हकीगत घरात अजून सांगतात. प्रगणकांनी विचारले, "मंडळींना लिहिता-वाचता येतं का?" वडील म्हणाले, "येतंय की! सही करती." आई दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. नोंद झाली.

यात खोटे कोण बोलले? वडिलांनी घराची अब्रू राखली. प्रगणकांनीही नियम मोडला नाही. कोणतीही भाषा समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षे वा त्याहून मोठी व्यक्ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. पण दारोदार कोणी परीक्षा घेत नाही, सांगितलेले उत्तर लिहून घेतात.

इंग्रजीत आकडेवारीला 'डेटा' म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ 'दिलेले'. आपल्या 'दत्त' शब्दाशी त्याचे मुळातूनच नाते आहे. 'फॅक्ट' हाही लॅटिनमधूनच आला. त्याचा मूळ अर्थ 'केलेले', 'घडलेले'. मला वाटते, सारा फरक येथेच आहे. वडिलांनी दिले ते उत्तर म्हणजे आकडेवारी. आईच्या बाबतीत घडले ती वस्तुस्थिती.

शिवाय आकडा व्याख्येवरही अवलंबून असतो. १९८१ पर्यंतच्या जनगणनांत पाच वर्षांखालील मुलांना निरक्षर धरत. १९९१ पासून ही मर्यादा सात वर्षांवर नेली. म्हणजे सहा वर्षांचे एखादे मूल तेच, त्याची बाराखडी तीच; पण एका जनगणनेत ते साक्षर ठरू शकत होते, दुसऱ्या जनगणनेत नाही.

मग आकडेवारी टाकाऊ समजायची काय? मुळीच नाही. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७६ टक्के नोंदली गेली. घरात बसून मला फक्त माझी आई दिसते. मधले हे बारा टक्क्यांचे अंतर आकड्यांनीच दाखवले. आई एकटी नाही, हे मला त्यांच्यामुळेच कळले.

तेव्हा भांडण आकड्याशी नाही, त्याला प्रश्न न विचारण्याच्या आपल्या सवयीशी आहे. हा आकडा कोणी दिला? कोणाच्या वतीने दिला? कोणत्या व्याख्येने मोजला? हे तीन प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजेत. कारण ज्या यादीत आई निरक्षर नाहीच, त्या यादीवरून आखलेल्या योजनेत तिच्यासाठी जागा कोठून असणार?

परीक्षेत मी ८२ हाच आकडा लिहीन. तो बरोबरच आहे. पण दिवाळीच्या सुट्टीपासून रात्रीची भांडी झाली की आई आणि मी पाटी घेऊन बसतो. पुढच्या वेळी प्रगणक दारात येतील, तेव्हा उत्तर तिने स्वतः द्यावे, आणि दिलेले व घडलेले एकच असावे, एवढीच इच्छा आहे.