उपायाचीही परीक्षा हवी

सामाजिक प्रश्नावरील महाविद्यालयीन निबंधात प्रश्नाचे वर्णन पानेच्या पाने चालते. उपाय मात्र 'शासनाने लक्ष घालावे, जनतेने जागृत व्हावे' एवढ्या दोन वाक्यांत उरकला जातो. वस्तुतः निबंधाचे खरे कार्य तेथूनच सुरू व्हावयास हवे.

पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडचाच प्रश्न घेऊ. दातांवर डाग पडणे, पुढे सांधे आखडून पाठीचा कणा वाकणे, ही त्यापासून होणाऱ्या विकाराची लक्षणे होत. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हा विकार नोंदला गेला. खडकांतील फ्लोराइड भूजलात विरघळते, हे त्याचे कारण. कारण कळले, की उपाय आपोआप हाती येतो, असा आपला समज असतो. पण तो बरोबर नव्हे.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत पुढे आणली; नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. पाण्यात चुना व तुरटी मिसळून ते ढवळावयाचे, गाळ खाली बसू द्यावयाचा आणि वरचे निवळ पाणी काढून घ्यावयाचे, इतकी ती सोपी. परंतु तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता यांवर अवलंबून असल्यामुळे एका विहिरीचे माप दुसरीस चालेलच असे नाही. ते माप कोणी ठरवावयाचे? रोजची ही खटपट कोणी करावयाची? फ्लोराइडयुक्त गाळ कोठे टाकावयाचा?

दुसरा मार्ग नदीचे पाणी नळाने आणण्याचा. नलगोंडा ज्या तेलंगणात आहे, त्या राज्याने २०१६ साली 'मिशन भगीरथ' योजनेद्वारा तो स्वीकारला. त्यासही मोठा खर्च व अखंड देखभाल लागते; नळ कोरडा पडला, की गाव जुन्या विंधन विहिरीकडे वळण्याचा संभव उरतोच.

म्हणून कोणताही उपाय सुचवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थ्याने आपल्या उपायावरील सर्वांत बळकट आक्षेप स्वतःच मांडावा, अन्य पर्यायांशी त्याची तुलना करावी आणि मग निःसंकोचपणे एका बाजूस उभे राहावे. माझ्यापुरते सांगावयाचे, तर जेथे नळ नेता येतो तेथे नळच न्यावा. तोवर निदान लहान मुलांच्या पिण्यापुरते पाणी तरी शुद्ध करावे. कारण एकदा वाकलेला कणा पुढे चांगले पाणी मिळाल्याने सरळ होत नाही. हे मत कोणी खोडून काढल्यास आनंदच आहे. मात्र त्याने आधी आपल्या गावच्या विहिरीचे पाणी तपासून घेतलेले असावे.