सुट्टी कोणाची?

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही शिक्षक मुलांना एक निबंध हमखास घालतो : 'मी सुट्टी कशी घालवली'. वर्षानुवर्षे हे निबंध तपासताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. पूर्वीच्या वह्यांत आजोळची वाडी असे, बावखलात मारलेल्या उड्या असत, मामेभावंडांशी झालेली भांडणे असत. अलीकडच्या वह्यांत वेळापत्रक असते. सकाळी ॲबॅकस, दुपारी इंग्रजी संभाषण, सायंकाळी कीबोर्ड आणि रविवारी व्यक्तिमत्त्व विकास! पाचवीतल्या एका मुलाने निबंधाच्या शेवटी लिहिले होते, की आता शाळा सुरू झाली, जरा विश्रांती मिळेल. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले आणि पुढची वही उघडली. त्या नऊ गुणांची आज आम्हांला लाज वाटते.

रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असे समीकरण आपण मांडून बसलो आहोत. भाताचे पीक निघाल्यावर आपले वाडवडील शेत उन्हात तापू देत. जमीन आळशी झाली, असे कोणी म्हणत नसे. जे शहाणपण आपण मातीला लावले, ते पोटच्या मुलाला लावताना का विसरतो?

विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात मान्य केले. भारताने ती संहिता 1992 साली स्वीकारली. प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली अभ्यासाच्या ओझ्याविरुद्ध अहवाल दिला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेचे किमान दिवस ठरवले : पाचवीपर्यंत 200, सहावी ते आठवी 220. वर्षाचे उरलेले दिवस क्लासवाल्यांना आंदण दिलेले नाहीत.

दूर कशाला जावे? आपल्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल जिथे होते, तिथे शाळा गेली. आज आपण उलटी गंगा वाहवली आहे. मूल जिथे रमेल, तिथून त्याला उचलून आपण वर्गात नेऊन बसवतो आणि त्याची फीही भरतो.

पालक म्हणतात, "स्पर्धेचे युग आहे. आमचे मूल मागे पडेल." कोणाच्या मागे? शेजारच्या मुलाच्या? त्याचे आईबापही हेच म्हणत असतात. दुसरे म्हणतात, "क्लासला नाही घातले, तर दिवसभर मोबाइल घेऊन बसतो." हे खरे आहे. पण बावखले बुजवली कोणी? अंगणात गाडी उभी केली कोणी? ओटीवर चार पोरे जमली की 'गोंगाट नको' म्हणून ओरडले कोणी? खेळायच्या जागा आपण एकेक करून काढून घेतल्या आणि उरला तो मोबाइल त्याच्या हाती दिला.

पहाटेची लोकल पकडणाऱ्या आईबापांची अडचण आम्ही जाणतो. क्लास हे पुष्कळदा पाळणाघरच असते. पण मग तसे प्रांजळपणे म्हणावे, मुलाच्या प्रगतीचे नाव पुढे करू नये. आळीतल्या चार घरांनी पाळीपाळीने मुले सांभाळली, आजीला चार दिवस नातवंडे दिली, तर त्याला फी पडत नाही.

आम्ही शिक्षक तरी कुठे निर्दोष आहोत? सुट्टीची प्रकल्पवही आम्हीच देतो. त्यातला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी बाबा करतात, चित्रे आई चिकटवते, हे ठाऊक असूनही त्यावर आम्ही 'उत्तम' असा शेरा मारतो. नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीच्या तासांची घंटा आम्हीच वाजवतो. आणि धर्मग्रामांची बालशिबिरे? तिथेही पाठांतर स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा आणि शेवटी बक्षीससमारंभ! जखऱ्या संदेष्ट्याला पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे दर्शन घडले, तेव्हा त्याच्या रस्त्यांवर त्याला मुले आणि मुली खेळताना दिसल्या. देवाच्या कृपेची खूण म्हणून त्याने तो खेळ पाहिला. आपल्या आळीत ती खूण आज किती दिसते?

म्हणून आमची मागणी साधी आहे. शिक्षकांनी सुट्टीत एकही प्रकल्प देऊ नये. शाळांनी मे महिन्यात दहावीचे वर्ग भरवू नयेत. शिबिरांत निदान अर्धा वेळ बेशिस्त खेळाचा असावा. पालकांनी मुलाला निदान तीन आठवडे असे द्यावेत, की ज्यांचा हिशेब कोणी मागणार नाही. कंटाळा आला, तर येऊ द्यावा. कंटाळलेले मूलच विटीदांडूसाठी फांदी शोधायला उठते.

येत्या जूनमध्येही आम्ही तोच निबंध घालणार आहोत. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असल्या तरी चालतील. करवंदाच्या चिकाचे डाग वहीवर असले तरी चालतील. वेळापत्रक मात्र आम्हांला पुन्हा वाचायचे नाही.