दोष जोडणीचा नव्हे

संपादक महोदय,

गतांकातील पत्रलेखकांनी घरच्या संगणकावरील चित्रफिती टीव्हीवर अडखळतात याचे सारे खापर इंटरनेटच्या मंदगतीवर फोडून अधिक दराची जोडणी घेण्याची जी शिफारस केली आहे, ती सद्हेतूने केलेली असली तरी मला मान्य नाही. कारण घरच्या संगणकावरील फिती टीव्हीला पुरवणाऱ्या जेलीफिनसारख्या व्यवस्थेत घरातली फीत राउटरमार्फत घरातल्या घरातच प्रवास करते, आणि बाहेरच्या जोडणीचा तिच्याशी काडीचाही संबंध येत नाही.

खरा प्रकार असा, की २०१३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६५ कोडेकमधील फीत जुन्या टीव्हीला उलगडता आली नाही, म्हणजे सर्व्हरला (फीत पुरवणाऱ्या संगणकाला) ती २००३ च्या एच.२६४ मध्ये तत्क्षणी रूपांतरित करावी लागते, आणि दुर्बळ प्रोसेसर त्या भाराखाली हतबल होतो. माझ्या भगिनीच्या विवाहाची फीत अशीच वारंवार थांबे. रात्रभर संगणक चालू ठेवून हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने ती एकदाच एच.२६४ मध्ये रूपांतरित केली, आणि तक्रार कायमची निकालात निघाली. चित्ररूप सबटायटल्सही (हा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही) टीव्हीला स्वतंत्रपणे दाखवता येत नसल्यास दृश्यावरच उमटवावी लागतात, आणि तोच भार ओढवतो.

तरी वाचकांना कळकळीची विनंती, की नव्या जोडणीचा अर्ज करण्यापूर्वी सबटायटल्स बंद करून फीत एकवार चालवून पाहावी.

आपला,
एक वाचक