थ्री-नॉट-थ्रीचा सैल दस्ता

१/ एनसीसीत असलेल्या पुष्कळांनी कवायतीची थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वाहिली असेल. गोळी झाडण्यास निकामी केलेली, ‘डीपी’ अशी खूण असलेली, तरीही वजनाला पुरेपूर रायफल. आमच्या तुकडीतल्या एकीचा दस्ता सैल होता. ‘सलामी शस्त्र’ होताच तिचा खुळखुळाट सगळ्यांना ऐकू येई. एका दुपारी आम्ही दोघांनी लांब स्क्रूड्रायव्हर मिळवून तिचा बोल्ट कसला. दस्ता घट्ट झाला आणि पुढचे लाकूड मागच्या टोकाशी उभे चिरले.

२/ असे का झाले, हे मला पुढे एम.ए.ला असताना कळले. या रायफलीचे लाकूड अखंड नसते. खांद्याला टेकतो तो दस्ता वेगळा आणि नळीखालचा पुढचा भाग वेगळा. दस्त्यातून एक लांब बोल्ट जातो. पितळी पट्टीतले झाकण उघडले, आतली तेलाची कुपी व पुल-थ्रू बाहेर काढले, चामड्याची गुंडी काढली की त्याचे डोके दिसते. मात्र त्याचे दुसरे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडातील एका धातूच्या पट्टीत अडकलेले असते. बोल्ट फिरला की पट्टी पिळते, आणि पट्टीबरोबर लाकूडही फाटते. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मग बोल्ट कसायचा, चौकोन सरळ रेषेत आणायचा, आणि शेवटी लाकूड परत चढवायचे. आम्ही नेमका उलटा क्रम केला होता.

३/ आमच्या शिरगावात, बदलापूरच्या या टोकाला, अंबरनाथच्या ऑर्डनन्समधून निवृत्त झालेली माणसे आजही भेटतात. शेजारच्या एका काकांना मी हा पराक्रम सांगितला. ते हसले, आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली : दस्ता सैल का झाला, ते पाहिले होते का?

४/ इतिहासलेखनात हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही, अशी माझी तक्रार आहे. शस्त्रांवरील आपले लेखन मॉडेल, साल आणि लढाई यांपाशी संपते. लीएनफिल्डचे ‘मार्क ३’ रूप १९०७ चे, इशापूरचा कारखाना १९०४ चा, इतके लिहिले की विषय झाला. पण ही रायफल या देशात शतकभर टिकली ती दुरुस्तीमुळे.

५/ लाकूड उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते. वर्षानुवर्षे तेल मुरले की मऊ पडते. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का पुढच्या लाकडाच्या आतल्या दोन छोट्या पृष्ठभागांवर येतो. ते दबले की सगळा सांगाडा हलू लागतो, नेम भरकटतो. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. इशापूरने वेगळा मार्ग घेतला : मॅगझिनच्या किंचित पुढे लाकडातून आडवा स्क्रू घालून ते चिरू नये अशी सोय केली. तो आज ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखला जातो. ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींवर तर तारेचे वेढे दिले जात. या खुणा दिसायला कुरूप आहेत. मला त्या फार आवडतात.

६/ आता खरा मुद्दा. या रायफली झपाट्याने निवृत्त होत आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला थ्री-नॉट-थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला. मुंबईत २००८ च्या हल्ल्याच्या रात्री काही पोलिसांच्या हाती हीच होती, आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती. निवृत्त झालेल्यांपैकी काही नग काचेच्या पेटीत जातील. तेव्हा कुणीतरी सैल भाग पाहून नवे स्क्रू बसवील, क्रमांक न जुळणारे सुटे भाग बदलील आणि वर चकचकीत वार्निश मारील. बोल्टवर एक क्रमांक आणि पुढच्या टोपीवर दुसरा, ही त्या रायफलीची विटंबना नसून तिचा सेवाकाळ आहे. कोणत्या तरी शस्त्रागारात दोन मोडक्या रायफलींची एक चालती रायफल झाली, याचा तो पुरावा आहे.

७/ ‘मग हातच लावू नका’ म्हणणारेही आहेत. त्यांच्याशीही माझे जमत नाही. सैल दस्ता तसाच ठेवला तर दर हालचालीला लाकूड घासते आणि शेवटी फुटते. घट्ट करायलाच हवे. पण योग्य क्रमाने, जुनाच स्क्रू वापरून, आणि काय केले ते नोंदवून. (हौशी मित्रांसाठी : शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. हे काम आर्मोररचे आहे. आमच्यासारखा उद्योग करू नका.)

८/ शेजारच्या उल्हासनगरकडे पाहा. महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी रिकामी झाली आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबे त्याच बराकींत राहिली. पार्टिशने घातली, मोऱ्या काढल्या, पत्रे बदलले. पत्त्यांत आजही ‘कॅम्प नंबर चार’ असते. त्या बराकींना कुणी १९४५ च्या रूपात परत न्यायचे ठरवले, तर शहराची पहिली कितीतरी वर्षे पुसली जातील.

९/ आमच्या तुकडीतली ती रायफल उस्तादांनी बाजूला काढली, आमची खरडपट्टी काढली आणि चिरेची नोंद वहीत केली. तारीख, क्रमांक, ‘कॅडेटकडून नुकसान’. आमची नावे लिहिली नाहीत.

१०/ तुमच्या गावच्या संग्रहालयात थ्री-नॉट-थ्री असेल तर मॅगझिनच्या पुढचे लाकूड पाहा. आडवा स्क्रू दिसला आणि फोटोला परवानगी असेल, तर फोटो इथे टाका. परवानगी नसेल तर नुसते लिहून कळवा.