मोजे पातळ, पाय गरम!

थंडीतल्या ट्रिपची बॅग भरताना मराठी घरात एक गोष्ट हमखास होते. आई कपाटाच्या तळातून लोकरीचे जाडजूड मोजे काढते आणि वर बजावते, 'दोन-दोन घाल, पाय गार पडतील.' महाबळेश्वरच्या पहाटेला हा सल्ला बेस्ट. पण गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगला निघाला असाल, तर ते मोजे फक्त रात्री झोपताना घाला.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सध्या स्कीइंगचं खूळ शिरलंय. जॅकेट, गॉगल, ग्लोव्हज यांवर तासन् तास चर्चा होते. मोज्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि वाट लागते ती नेमकी तिथेच.

माझी एक सॉफ्टवेअरवाली मैत्रीण गुलमर्गला दोन-दोन मोजे चढवून भाड्याच्या बुटात शिरली. अर्ध्या तासात बोटं बधिर! इन्स्ट्रक्टरने एक जोडी काढायला लावली, तेव्हा कुठे बोटांत जीव आला. मोजून घेतलेल्या रजेतली एक सकाळ मात्र गेली.

फंडा सोपा आहे. पाय गरम ठेवतं ते आपलं रक्त. मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो. स्कीच्या बुटाला बाहेर कडक प्लॅस्टिकचं कवच आणि आत मऊ लायनर असतो. ऊब राखण्याचं बरंचसं काम हा लायनरच करतो. त्या घट्ट जागेत जाड मोजा कोंबला की पाय आवळला जातो आणि रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय मोज्याला चुण्या पडतात, त्या नडगीला टोचतात. जाड थर दबला की टाच वर-खाली व्हायला लागते. मग तुम्ही वळता, स्की वळत नाही! स्नोबोर्डचा बूट जरा मऊ असतो, पण टाचेचं गणित तेच.

म्हणून खरेदीला जाताना एवढं लक्षात ठेवा. मोजा एकच, पातळ आणि बुटाच्या वर येईल इतका लांब. मरिनो लोकर किंवा सिंथेटिक चालेल, कॉटन अजिबात नको. ते घाम पितं आणि ओलंच राहतं. थर्मलची पँट बुटात खोचू नका. दुसऱ्या दिवसासाठी कोरडी जोडी हवीच.

आता बूट. त्याचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, उदाहरणार्थ २६.५. तोच पातळ मोजा घालून ट्राय करा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरकली पाहिजेत. भाड्याच्या बुटाचा लायनर वापरून दबलेला असतो. सैल वाटला तर जाड मोज्याचा जुगाड नको, लहान साइझ मागा. २६ आणि २६.५ चं कवच बहुधा एकच असतं, त्यामुळे पूर्ण एक नंबर खाली उतरा.

एवढं करूनही बोटं पांढरी पडून बधिर झाली, तर बकल सैल करा आणि सरळ आत जा. बर्फ चोळू नका, शेकोटीवरही धरू नका.

विमान, हॉटेल, गोंडोला यांच्या बजेटपुढे एका जोडीचा खर्च तो काय! तेवढा कराच, बॉस.