ओमान : व्हिसापलीकडे पाहू या

आखाती देशाचे नाव निघाले की आपल्या समाजात दोनच गोष्टी आठवतात : तेल आणि व्हिसा. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल मस्कतच्या पगारावर पेटली, हे खरेच. परंतु ओमानकडे केवळ नोकरीचे ठिकाण म्हणून पाहणे आता परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

नकाशा उघडून पाहावा. कुवेत, दोहा आणि दुबईचे जेबेल अली ही बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत. ओमानची सोहार, दुकम व सलाला ही बंदरे मात्र बाहेरच्या बाजूला आहेत. होर्मुझमध्ये तणाव वाढला की आत जाणाऱ्या जहाजांचा विमा महागतो आणि बाहेरच्या बंदराची किंमत कळते. सलाला तर आशिया-युरोप जलमार्गालगतच आहे. १९९८ पासून तेथे कंटेनरची वाहतूक चालते.

जमिनीत तेलाखेरीज वायू, तांबे, चुनखडी व जिप्सम आहे. इफ्को व कृभको या आपल्या सहकारी संस्थांनी सूरच्या खत कारखान्यात भांडवल घातले, ते तेथील वायूच्या भरवशावरच. धोफारच्या लोबानाचे मोल तर आमच्या अत्तरवाल्या बांधवांना सांगायलाच नको.

तथापि, समुद्र आणि खनिजे पूर्वीपासून तेथेच आहेत. नुसत्या भूगोलाने भांडवल येत नाही. ओमानने २०११ मध्ये दुकमला विशेष आर्थिक क्षेत्र स्थापले, २०१९ च्या कायद्याने अनेक उद्योगांत शंभर टक्के परकी मालकीला वाट दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये भारताशी व्यापार करार केला. भारताच्या बहुतेक मालावरील जकात उठवण्याचे त्यात ठरले आहे.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ओमानीकरणाच्या धोरणामुळे परदेशी कामगारांच्या जागा आक्रसत आहेत. अनेक लहान धंदे स्थानिकांसाठी राखीव आहेत. ती यादी तपासल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून पैसा गुंतवू नये.

म्हणून तेथे दुकान थाटण्यापेक्षा येथून माल पाठवणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. मालेगाव-भिवंडीचे कापड असो वा धारावीचे चामडी काम, एकट्या कारागिराला कंटेनर भरणे जमणार नाही. दहा-वीस जणांनी एकत्र येऊन आयात-निर्यात कोड काढावा, नमुन्याबरहुकूम माल द्यावा आणि मुदत पाळावी. तिजारतीत बरकत आहे; पण हिशेब आणि शब्द दोन्ही चोख असतील, तरच!